राहिलेला हात

मी नाकावर माशी बसू देत नाही, हे आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पस्तीस वर्षं मी बायकांचे कपडे शिवतेय आणि अठ्ठावीस वर्षं मेलेल्या बायकांना शेवटची अंघोळ घालतेय. दोन्ही कामांत कुणी मध्ये बोललेलं मला खपत नाही. माझा नवरा म्हणायचा, जिवंत गिऱ्हाइकं तुझ्याशी वाद घालतात म्हणून तुला दुसरी जास्त आवडतात. तो गेला तेव्हा त्याला पुरुषांनी अंघोळ घातली. मी बाहेर बाकावर बसून, ते कुठे चुकतायत का याचा अंदाज घेत होते.

आम्ही ज्यू. आमच्यात माणूस गेलं की त्याला परक्यांच्या हाती देत नाहीत. मंडळीतलीच चार माणसं ते काम करतात, पुरुषांचं पुरुष, बायकांचं बायका. अंगावरचं सगळं उतरवायचं. अंगठी, कानातलं, केसातली पिन, नखांवरचा रंगसुद्धा. वेणी सोडून केस विंचरायचे, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतायचं, मग पांढरं सुती कफन. ते मी शिवते. त्याला खिसा नसतो, कारण न्यायचं काही नसतं. बाह्या टोकाला बंद असतात. शिवताना दोऱ्याला गाठ मारत नाहीत. बंगल्यातली बाई आणि तिची धुणंभांडीवाली शेजारी ठेवल्या तर कोण कोणती ते सांगता येऊ नये, अशी ती रीत. मला ती फार पटते. लोक भाषणं करतात सगळे सारखे म्हणून, आम्ही ते करून दाखवतो, असं मी चारचौघांत ऐकवायचे.

सगळं झालं की आम्ही उभ्या राहून त्या बाईची क्षमा मागतो. तिच्या आईच्या नावानिशी तिला हाक मारायची आणि म्हणायचं, तुझा मान राखताना आमच्या हातून काही चुकलं असेल तर आम्हाला क्षमा कर. अठ्ठावीस वर्षं मी हे म्हणत आले. खरं सांगायचं तर, चुकलंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी डोंगरावरच्या खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला आणि खालची वस्ती दहा मिनिटांत गाळाखाली गेली. वस्ती कुठल्याच नकाशावर नव्हती. नकाशावर नाही म्हणून तिथे भोंगा नव्हता. भोंगा होता तो खाणीच्या कचेरीजवळ, आणि तो वाजलाही म्हणे, वेळेवर. आमच्या मंडळीचे अध्यक्ष पेशाने शाळामास्तर. दोन वर्षं ते वस्तीची नोंद व्हावी म्हणून अर्ज लिहीत होते. प्रत्येक अर्जाला पोच मिळायची, बाकी काही नाही.

मंगळवारी आमची चाळीस माणसं फावडी घेऊन गाळ उपसायला गेली. सिनेगॉगच्या दालनात बेघर झालेल्यांसाठी गाद्या पडल्या. बुधवारी सरकारी कारकून आला आणि त्याने अध्यक्षांना बाजूला घेतलं. मृतदेह बर्फाच्या कारखान्यात ठेवले होते. धुवायला माणसं मिळत नव्हती. हे काम तुमच्यात येतं म्हणतात, तो म्हणाला. अध्यक्षांनी एकच अट घातली. सगळ्यांना मिळून एक लांब चर खणायचा सरकारी बेत होता, तो रद्द करायचा. प्रत्येकाला वेगळा खड्डा, प्रत्येक खड्ड्यावर क्रमांक. कारकुनाने साहेबांना फोन लावून ते कबूल करून घेतलं. शनिवारी आमचा शब्बाथ, शुक्रवारी सूर्य बुडला की आम्ही काम थांबवतो. म्हणून दफन शुक्रवारी दुपारी बाराला ठरलं.

बायका बावीस होत्या. आम्ही चौघी. बर्फाच्या लाद्या ओढायच्या लांब लोखंडी टेबलांवर आम्ही काम केलं. जमिनीला उतार आणि मध्ये गटार, त्यामुळे पाणी आपोआप वाहून जायचं. गाळ राखाडी, चिकट, केसांच्या मुळाशी आणि नखांखाली घट्ट बसलेला. चेहऱ्यांबद्दल मी लिहिणार नाही. दगडांसकट आलेल्या गाळात दोन-तीन दिवस राहिलेलं माणूस कसं दिसतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांनी ते डोळ्यांसमोर आणू नये. डॉक्टर आधीच येऊन ओळख जुळवायला नमुने घेऊन गेला होता. त्यांचा निकाल सहा महिन्यांनी. फोटो काढले होते, पण गाळासकट. त्यात बाई आहे की बुंधा हेही कळत नव्हतं.

माझ्या जोडीला सिस्टर होती. सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. तिला सगळे सिस्टरच म्हणतात, तिची नातवंडंसुद्धा. पहिल्याच टेबलाशी तिने विचारलं, "कुणाच्या अंगावर काय होतं ते लिहून ठेवूया का? क्रमांकाप्रमाणे?"

"झडती घ्यायला आपण पोलीस आहोत का?" मी म्हटलं.

मेलेल्या बाईच्या अंगाकडे कामापुरतंच बघायचं, तिच्याबद्दल बोलायचं नाही, हा आमचा नियम. त्या नियमावर बोट ठेवून मी सिस्टरचं तोंड बंद केलं. गाळाने कडक झालेले कपडे कात्रीने कापून काढले आणि ढिगात टाकले. कानातली, बांगड्या, जे निघालं ते कारकुनाच्या एका पत्र्याच्या डब्यात गेलं. सगळ्यांचं मिळून. तो दर तासाला डबा हलवून बघायचा आणि झाकण लावायचा. आम्ही घरच्यांसारखं काम केलं. पाणी कोमट करून घेतलं, केसांतला गाळ बोटांनी सोडवला, नखांना रंग होता तो कापसाने पुसून काढला. गुरुवारी चार वाजता बावीस पांढऱ्या आकृती एका रांगेत होत्या. मी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघितलं आणि मला अभिमान वाटला. ते आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण वाटला हे खरं.

शुक्रवारी सकाळी नऊला ती आली.

पन्नाशीची, सुकलेली, पायात दोन वेगळ्या चपला. वस्तीत ती इस्त्रीवाली म्हणून ओळखली जायची. चार दिवस ती दोन्ही इस्पितळं, सगळे तंबू पालथे घालत होती. ती सुनेला शोधत होती. जिवंतांच्या यादीत सून नव्हती.

"सूनच का? मुलगा कुठेय?" कारकुनाने विचारलं.

"तो गेला दोन वर्षांपूर्वी. तापाने."

"सुनेच्या माहेरचं कोणी? नमुना जुळवायला रक्ताचं माणूस लागतं."

"अनाथाश्रमातली आहे ती. तिला मीच आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. माझ्या अंगावर पांढरा एप्रन होता, म्हणून असेल. "ताई, मला चेहरे नका दाखवू. काल दुसरीकडे बघितले, त्याने काही कळत नाही. मला फक्त नखं बघू द्या. तिच्या उजव्या हाताच्या नखांना रंग आहे, डाव्याच्या नाही. तेवढं बघितलं की कळेल मला."

मी माझे हात एप्रनला पुसले.

तो हात मला आठवत होता. नख न् नख आठवत होतं. कापूस फिरवला तेव्हा राखाडीखालून गडद वांगी रंग आला होता. मग मी दुसरा हात उचलला, तो कोरा होता, आणि माझ्या मनात आलं होतं, चला, अर्धं काम वाचलं. हात आठवत होता. कुणाचा, ते आठवत नव्हतं.

"बघते हं," असं काहीतरी म्हणून मी आत गेले. सिस्टर पाण्याच्या टाकीपाशी बादल्या पालथ्या घालत होती. मी तिला सांगितलं. तिने बादली खाली ठेवली.

"तशी कोणी नाही म्हणून सांगून टाकू?" मी म्हटलं. "ती दुसरीकडे शोधेल. निदान आशा तरी राहील तिला."

"किती दिवस?" सिस्टर म्हणाली.

तिने एप्रनच्या खिशातून वही काढली. मी नाही म्हटल्यावर तिने बायकांबद्दल काही लिहिलं नव्हतं, पण इस्पितळातली सवय, वापरलेलं सामान मात्र लिहिलं होतं. कुठल्या क्रमांकाला किती कापूस, किती साबण. तिने बोट फिरवत नेलं. नेलपॉलिश काढायचं औषध तीन क्रमांकांना लागलं होतं, किती ते मात्र लिहिलं नव्हतं. सहा, अकरा आणि एकोणीस.

"म्हणजे तिघींतली एक," ती म्हणाली. "एवढं तरी सांगता येईल. आणि ते तूच सांगायचंस."

कधी नव्हे ते मी ऐकलं.

बाहेर येऊन मी इस्त्रीवालीला सगळं सांगितलं. आमची रीत काय, ती का आहे, मी काय पुसलं आणि काय लिहून ठेवलं नाही. सिस्टरने सुचवलं होतं आणि मी नको म्हटलं होतं, हेही सांगितलं. बोलताना मी तिच्या चपलांकडे बघत होते. ती ओरडेल, अंगावर येईल, असं मला वाटलं होतं. आली असती तर बरं झालं असतं.

"पुसलं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही पुसलंत."

"हो."

ती दारातल्या उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली. आत कारखान्याचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं.

"मीसुद्धा तेच म्हटलं होतं," ती म्हणाली. "पूस तो रंग म्हणून. सकाळी सातला कोण नखं रंगवत बसतं? पाणी भरायचं होतं, कोळसा पेटवायचा होता. म्हटलं, नवरा जाऊन दोन वर्षं झाली, आता कोणाला दाखवायचीत नखं? असं बोलले मी. एक हात झाला होता तिचा. दुसरा राहिला. मी बाटली हिसकावून घेतली, खिशात टाकली आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन वर गिऱ्हाइकांकडे निघून गेले. रागात होते म्हणून तास आधी निघाले. म्हणून वाचले." तिने खिशात हात घातला आणि बोटाएवढी बाटली काढून माझ्यासमोर धरली. "ती पाण्याच्या रांगेत गेली असणार. मी सांगितलं होतं ना."

"अंगावर काय होतं तिच्या, आठवतंय का?" सिस्टरने विचारलं. कापून टाकलेल्या कपड्यांचा ढीग अजून मागच्या अंगणात होता.

"नाही. मी रागाने तिच्या हाताकडेच बघत होते."

"एखादी खूण? तीळ, जखम?"

"सासूने सुनेचं अंग कधी बघितलेलं असतं का, ताई?"

कारकुनाने घड्याळ बघितलं. ट्रक साडेअकराला येणार होते. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या फॉर्मवर एका मृत व्यक्तीला एकच रकाना होता. ओळख पटली किंवा नाही पटली. "तिघींतली एक, असं लिहायला जागा नाही," तो म्हणाला.

तेव्हा आमचे अध्यक्ष पुढे आले. बिचारे कधी आवाज चढवत नाहीत, शाळेत मुलं त्यांच्या डोक्यावर बसतात. "समासात लिहा," ते म्हणाले. "दोन वर्षं मी तुमच्याकडे अर्ज देतोय, तुमच्या कागदांना समास असतो हे मला माहीत आहे." कारकुनाने समासात तीन क्रमांक लिहिले आणि पुढे इस्त्रीवालीचं नाव. त्या तीन खड्ड्यांना जवळ जवळ जागा द्यायचं ठरलं. झालं ते एवढंच.

जिवंतपणी ज्या बायकांची कुणी नोंद केली नाही, त्यांच्या अंगावर त्यांची स्वतःची म्हणून जी एकेक खूण उरली होती ती मी पुसली. तीही कोमट पाण्याने, हळुवार, मान राखून. करायला गेले काय आणि झालं काय. बाकीच्या एकोणीस जणींच्या घरचे आले तर त्यांना दाखवायला माझ्याकडे काय होतं? पत्र्याचा एक डबा.

"मला त्यांच्यापाशी बसू द्या," इस्त्रीवाली म्हणाली.

आम्ही सहा, अकरा आणि एकोणीस बाजूच्या टेबलांवर घेतल्या. ती तिघींच्या मध्ये उभी राहिली. कुणाकडे बघावं ते तिला कळेना. मग तिने बाटली घट्ट धरत मला विचारलं, "हात उघडता येईल?"

एकदा कफन बंद केलं की आमच्यात ते उघडत नाहीत. अध्यक्ष दारात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नियम मला सांगू नका, ते मला पाठ आहेत. त्यांच्यामुळेच तर हे झालंय." त्यांनी मान खाली घातली आणि दार ओढून घेतलं.

मी एप्रनमधली कात्री काढली आणि सहा क्रमांकाच्या बाहीचं टोक उसवलं. दोऱ्याला गाठ नव्हती. एक टाका कापला की सगळा दोरा ओढून निघतो. आत्तापर्यंत मी ते कधी करून बघितलं नव्हतं. हात बाहेर घेतला, कोरड्या कापसाने टिपला आणि तिच्यासमोर धरला. थंडगार, सुजलेला, स्वच्छ.

इस्त्रीवालीने बाटलीचं झाकण फिरवलं. तिला सवय नव्हती. तिच्या बोटांना इस्त्रीचे जुने चटके होते, रंग नखाबाहेर जात होता. ती ओठ चावून सावकाश करत राहिली. एक हात झाला, मग मी दुसरी बाही उसवली, दुसरा झाला. ती फुंकर मारून वाळवत होती. सिस्टर तोंड फिरवून उभी होती, तिचे खांदे हलत होते. मीही रडत होते, पण माझे दोन्ही हात गुंतलेले होते म्हणून डोळे पुसता येत नव्हते.

"हिची पण कोणी असेल," अकरा क्रमांकाकडे वळताना इस्त्रीवाली म्हणाली. "माझी नसली तर दुसऱ्या कोणाची. तिला पण आवडत असणार रंग."

अकराचे दोन्ही हात झाले. बाटली आधीच तळाला गेली होती. एकोणीसच्या उजव्या हाताला तिने कुंचली आतल्या कडांवरून पुन्हा पुन्हा फिरवून रंग काढला. करंगळीचं नख अर्धं झालं आणि संपलं. तिने बाटली उलटी धरली, तळहातावर आपटली. काही आलं नाही. मी डावी बाही उसवून तो हात बाहेर काढला होता. तो तसाच राहिला.

उजव्याला रंग, डावा कोरा. ती बघत राहिली. मीही बघत होते. ती आता हीच म्हणेल, आणि म्हणाली असती तर मी हो म्हटलं असतं, सही केली असती, मेल्यावरही ते खोटं मागे घेतलं नसतं.

"अशीच उठून गेली," ती म्हणाली. तिने तो कोरा हात आपल्या गालाला लावला. "अशीच. म्हणून काही हीच असेल असं नाही." आणि मग, "बाटली मी ओढून घेतली नसती तर दुसरा हातही तेव्हाच झाला असता."

बाहेर ट्रक आल्याचा आवाज झाला. मी सुईत दोरा ओवला आणि पाचही रंगवलेले हात आत घेऊन, तो एक कोरा हातही आत घेऊन, सहा बाह्या पुन्हा शिवल्या. इतके वाकडे टाके मी पहिल्या वर्षीही घातले नव्हते. इस्त्रीवाली प्रत्येक हात आत जाईपर्यंत धरून होती.

मग क्षमा मागायची होती. काल आम्ही बावीस जणींची मागितली होती, पण नावं माहीत नव्हती, म्हणून नुसतं ‘बाई, तू जी कोणी असशील ती’ असं म्हटलं होतं. आता मी इस्त्रीवालीला सुनेचं नाव विचारलं. तिने सांगितलं.

"आणि तिच्या आईचं? आम्ही आईचं नाव घेऊन हाक मारतो."

"आईचं तिलाच माहीत नव्हतं."

अठ्ठावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"माझं घ्या," ती म्हणाली. "तिघींना माझंच घ्या. मला काय, तीन मुली."

मी एकेकीपाशी उभी राहिले. तिघींना त्याच नावाने हाक मारली, या बाईची मुलगी म्हणून. आणि पाठ झालेली वाक्यं तोंडात आली तेव्हा ‘चुकलं असेल तर’ म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, "माझं चुकलं. मी तुला पुसून टाकलं. मला क्षमा कर." तीनदा म्हटलं. तिघींपैकी दोघींना ते नाव परकं होतं, पण त्यांचंही मी पुसलंच होतं.

माणसं स्ट्रेचर घेऊन आत आली. मी बाजूला होणार तेवढ्यात इस्त्रीवालीने माझी बाही धरली.

"माझंही सांगा त्यांना," ती म्हणाली. "तुमच्यासारखं नीट म्हणता येत नाही मला."

मी परत वळले, आणि सहा क्रमांकापासून पुन्हा सुरुवात केली.